स्पीकरचा आवाज कानाला टोचतोय, मग 'वॉर्म' रिसीव्हर घ्यायचा का?

वास्तुशांत झाली. हॉलमध्ये पांढऱ्याशुभ्र व्हिट्रिफाइड टाइल्स, एका भिंतीला मोठी सरकती काचेची खिडकी, वर पीओपी आणि टीव्हीच्या दोन्ही बाजूंना सेलमध्ये घेतलेले नवे कोरे टॉवर स्पीकर. जेवणं आटोपली, सिस्टिम लावली, आणि दुसऱ्याच गाण्याला भाऊजी म्हणाले, "आवाज दमदार हाये, पण कानाले काहून टोचून राहिला?"

यवतमाळच्या दारव्हा रोडला, पुसदला, वणीला, जिथं जिथं नवी स्लॅबची घरं झाली तिथं हा प्रसंग कुणाच्या ना कुणाच्या घरी घडतो. मग रात्री मोबाइलवर शोधाशोध सुरू होते. उत्तर सगळीकडे जवळपास सारखंच मिळतं: तुमचे स्पीकर 'ब्राइट' आहेत, त्यांना 'वॉर्म' आवाजाचा रिसीव्हर लावा. सोबत याद्याही असतात. अमुक कंपनी वॉर्म, तमुक कंपनी ब्राइट. म्हणजे स्पीकरचे पैसे गेले ते गेले, आता वर चाळीस-पन्नास हजारांचा रिसीव्हर. तोही न ऐकता, कारण ऐकून घ्यायचा तर नागपूर गाठायचं, दीडशे किलोमीटर. आणि ऑनलाइन मागवून पटला नाही, तर बारा-पंधरा किलोचं ते धूड परत पॅक करून पाठवायचं.

म्हणून पैसे मोजण्याआधी हा सल्ला कितपत खरा आहे ते बघू. थोडक्यात उत्तर असं: थोडासा खरा आहे. आवाज टोचण्यात मोठा वाटा खोलीचा असतो, त्यानंतर तुमच्याकडे आधीच असलेल्या रिसीव्हरच्या सेटिंगचा. रिसीव्हरच्या 'स्वभावाचा' नंबर फार मागे लागतो. आणि यवतमाळकरांच्या बाबतीत गंमत अशी की यावरचा सगळ्यात चांगला उपाय याच जिल्ह्याच्या शेतात पिकतो.

ब्राइट म्हणजे काय, वॉर्म म्हणजे काय?

माणसाच्या कानाला साधारण २० हर्ट्झपासून २० हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. ढोलकीचा घुमारा खाली शे-दोनशे हर्ट्झच्या आसपास. माणसाच्या आवाजाचा भरीवपणा साधारण २०० ते ५०० मध्ये. शब्द स्पष्ट कळतात ते २ ते ४ हजारांच्या पट्ट्यामुळे. 'स', 'श', 'च' यांचा फुसकारा ५ ते ८ हजारांत. टाळ-झांजांची किणकिण त्याच्याही वर जाते.

आपला कान या सगळ्या पट्ट्याला सारखा ऐकत नाही. २ ते ५ हजार हर्ट्झच्या भागात तो सगळ्यात तीक्ष्ण असतो. लहान मुलाचं रडणं आपल्याला घरभर ऐकू जातं ते यामुळेच. त्यामुळे एखाद्या स्पीकरनं नेमका हाच भाग दोन-तीन डेसिबलनं वर उचलला, की गाणं आधी 'क्लिअर' वाटतं आणि तासाभरानं डोकं धरतं. दुकानात दहा मिनिटं ऐकताना असा स्पीकर हमखास बाजी मारतो.

हा ब्राइट आवाज. वॉर्म म्हणजे याच्या उलट: खालचा भाग किंचित भरलेला, वरचा हळूच उतरत गेलेला. आपल्याकडे याला सरळ 'गोड आवाज' म्हणतात. हा गोडवा आपल्या डोक्यात आला कुठून, तर बहुतेकांच्या बाबतीत घरातल्या जुन्या रेडिओवरून. आजोबांचा लाकडी पेटीतला मर्फी किंवा फिलिप्स आठवा. मीडियम वेव्हवर साधारण ५ हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही यायचंच नाही. एफएमही १५ हजारांवर थांबतं. म्हणजे ज्याला आपण गोडवा म्हणत आलो, त्यातला बराचसा भाग म्हणजे न ऐकू येणारा ट्रेबल होता. हे वाचून कुणाला वाईट वाटेल, पण वॉर्म आवाज मिळवणं किती सोपं आहे तेही यातूनच कळतं.

रिसीव्हरला खरंच स्वभाव असतो का?

रिसीव्हर म्हणजे एकाच डब्यात तीन-चार यंत्रं. टीव्ही, सेट टॉप बॉक्स, मोबाइल यांच्याकडून आवाज घेणारं, त्याचे पाच किंवा सात वाटे करणारं, त्यावर प्रक्रिया करणारं, आणि शेवटी स्पीकर हलवण्याइतकी ताकद देणारं. 'वॉर्म रिसीव्हर' म्हणताना लोकांच्या मनात असतो तो शेवटचा भाग, म्हणजे अँप्लिफायर.

आजचा बरा ट्रान्झिस्टर अँप्लिफायर ऐकू येणाऱ्या संपूर्ण पट्ट्यात एक डेसिबलच्याही आत सपाट असतो. म्हणजे जे आत गेलं तेच मोठं होऊन बाहेर. यावर अमेरिकेत १९८०च्या दशकात भरपूर भांडणं झाली. १९८५ साली बॉब कार्व्हर नावाच्या अँप्लिफायर बनवणाऱ्या इंजिनिअरनं 'स्टिरिओफाइल' मासिकाच्या समीक्षकांशी पैज लावली: तुमच्या आवडीचा कितीही महागडा अँप्लिफायर आणा, माझा स्वस्तातला त्याच्यासारखा वाजवून दाखवतो. हॉटेलच्या खोलीत बसून त्यानं दोन्हींच्या आवाजातला फरक मोजला आणि आपल्या अँप्लिफायरमध्ये बदल करत करत तो फरक जवळजवळ नाहीसा केला. समीक्षकांना दोन्ही वेगळे ओळखता आले नाहीत. १९८७च्या जानेवारीत 'स्टिरिओ रिव्ह्यू' मासिकानं स्वस्त आणि महाग अँप्लिफायर पडद्याआड ठेवल्यासारखे, कोणता वाजतोय ते न सांगता लोकांना ऐकवले. आवाजाची पातळी अगदी समान ठेवली होती. श्रोत्यांना फरक खात्रीनं सांगता आला नाही.

मग वॉर्मपणाच्या कहाण्या खोट्या का? सगळ्या नाही. व्हॉल्व्हचे, म्हणजे काचेच्या नळ्यांचे, अँप्लिफायर स्पीकरच्या विद्युत रोधाप्रमाणे थोडे इकडे-तिकडे डोलतात, त्यामुळे त्यांचा आवाज खरोखर बदलतो. दुसरी गोष्ट, अँप्लिफायर कमी ताकदीचा असेल आणि आपण त्याच्या कुवतीबाहेर आवाज वाढवला, तर लहरींची टोकं कापली जातात आणि जो कर्कश चिरका आवाज येतो तो स्पीकरच्या नावावर खपतो. अशा वेळी मोठा अँप्लिफायर लावला की आवाज 'वॉर्म' झाल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात त्याचं ओरडणं थांबलेलं असतं.

आणि तिसरं म्हणजे कंपन्यांची झालेली नावं. मरांट्झ गोड, यामाहा तडक, डेनॉन मधला, असं लोक वर्षानुवर्षं म्हणत आलेत. स्पीकरमध्ये क्लिप्शच्या भोंग्याच्या आकाराच्या ट्वीटरला ब्राइट म्हणण्याची रीत आहे. या समजुतींना थोडा आधार असतो, पण मरांट्झ आणि डेनॉन २००२पासून एकाच मालकाच्या छत्राखाली आहेत आणि दोघांच्या रिसीव्हरमध्ये खोली मोजून आवाज सुधारणारी ऑडिसी ही एकच यंत्रणा वर्षानुवर्षं येते आहे, हे यादी करणारे सहसा सांगत नाहीत. मरांट्झ दिसायला देखणा आहे, बांधणीही छान आहे. पण निव्वळ वॉर्म आवाज मिळेल म्हणून जास्तीचे दहा-पंधरा हजार मोजावेत, असं मला तरी वाटत नाही.

मग टोचतं कुठून?

एक प्रयोग करा. हॉलच्या मध्यभागी उभं राहून जोरात एक टाळी वाजवा. टाळीमागून बारीक 'टर्रर्र' असा आवाज आला, तर तो दोन समोरासमोरच्या उघड्या भिंतींमध्ये चेंडूसारखा आपटत राहिलेला ट्रेबल आहे. तुमचे स्पीकर रोज हेच करतात, फक्त गाण्याच्या आड ते कळत नाही.

जुन्या वऱ्हाडी घरात हा त्रास नव्हता. मातीच्या जाड भिंती, सारवलेली जमीन, वर कवेलू. आवाज भिंतीत मुरायचा, नाही तर कवेलूंच्या फटीतून निघून जायचा. बाजेवर गोधड्यांची चळत असायची, कोपऱ्यात धान्याची पोती. आता त्याच जागी सिमेंटचा गुळगुळीत गिलावा, टाइल्स, काच आणि सनमायकाचं टीव्ही युनिट आलं. हे सगळे पदार्थ त्यांच्यावर पडलेल्या आवाजातला दोन-तीन टक्के भागच शोषतात, उरलेला परत फेकतात.

याचं गणित सव्वाशे वर्षांपूर्वीच मांडलं गेलंय, आणि ते मांडलं गेलं चक्क गाद्यांमुळे. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात नव्या फॉग कलासंग्रहालयाच्या व्याख्यानगृहात बोललेलं काहीच कळत नव्हतं. एक शब्द उच्चारला की तो साडेपाच सेकंद घुमत राहायचा, तेवढ्यात पुढचे दहा-पंधरा शब्द त्याच्यावर येऊन आदळायचे. हे निस्तरायचं काम वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे आलं. तो रात्री, रस्ते शांत झाल्यावर, जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या त्या खोलीत वाहून आणायचा, ऑर्गनची नळी वाजवायचा, ती बंद केल्यावर आवाज किती वेळ ऐकू येतो ते मोजायचा, आणि पहाटेच्या आत गाद्या परत नेऊन ठेवायचा. जितक्या गाद्या जास्त, तितका घुमारा कमी. यातून त्यानं जे सूत्र काढलं ते आजही जगभर वापरतात, आणि त्याच सूत्रावर १९०० साली उघडलेलं बोस्टनचं सिम्फनी हॉल बांधलं गेलं.

सॅबिनचं सूत्र आपल्या हॉलला लावून बघू. १५ फूट बाय १२ फूट, उंची १० फूट. म्हणजे साधारण ५१ घनमीटर हवा आणि ८४ चौरसमीटर पृष्ठभाग. सगळं उघडं असेल तर घुमारा सव्वातीन सेकंदांच्या आसपास निघतो. नवं रिकामं घर बघायला गेल्यावर आपलं बोलणं कसं घुमतं, ते हेच. सोफा आला, पडदे आले, चार माणसं बसली की तो साधारण सेकंदावर येतो. गाणं सुखानं ऐकायला घरातल्या खोलीत तो अर्ध्या सेकंदाच्या जवळपास हवा. हे गणित ढोबळ आहे, लहान खोलीत ते तंतोतंत लागू पडत नाही. तरी सेकंदापासून अर्ध्या सेकंदापर्यंतचं हे अंतर कुठलाही रिसीव्हर बदलून भरून निघणार नाही, एवढं त्यातून पक्कं कळतं.

आता कापसाचं बघू

यवतमाळला कापसाचा जिल्हा म्हणतात. त्या कापसाच्या भावाचं दुखणं वेगळं आणि मोठं आहे, तो विषय इथला नाही. पण आवाज शोषायला कापूस फार चांगला. त्याच्या तंतूंच्या गुंत्यात हवा अडकलेली असते. आवाजाची लहर आत शिरली की ती हवा तंतूंना घासत मागेपुढे होते आणि आवाजाची ऊर्जा किंचितशा उष्णतेत बदलून संपते. परदेशात जुन्या जीन्सचा कापूस पिंजून त्याचे ध्वनिशोषक फलक विकले जातात. आपल्याकडे त्यासाठी गादीवाला पुरेसा आहे.

जाडी किती ठेवायची, हा कळीचा मुद्दा आहे. पातळ पडदा किंवा चादर फक्त अगदी वरचा ट्रेबल खाते, टोचणारा २-४ हजारांचा पट्टा तसाच राहतो आणि आवाज मंद पण तरीही त्रासदायक होतो. शोषक थर लहरीच्या लांबीच्या निदान एक चतुर्थांश असावा, असा ठोकताळा आहे. १७०० हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे २० सेंटीमीटर, म्हणजे दोन इंच, ५ सेंटीमीटर, जाडीची गादी तिथून वर चांगलं काम करते. तीच गादी भिंतीपासून दोन इंच पुढे, लाकडी चौकटीत लावली तर मागच्या पोकळीमुळे ती ८५० हर्ट्झपर्यंत उतरते. म्हणजे नेमका टोचणारा भाग तिच्या तावडीत येतो, तेही फुकटच्या हवेच्या जोरावर.

दोन फूट बाय पाच फुटांच्या अशा सहा चौकटी केल्या तर ६० चौरस फूट होतात. वरच्या हॉलमध्ये त्यांनी घुमारा सेकंदावरून साधारण पाऊण सेकंदाच्या खाली येतो. खाली जाड सतरंजी अंथरली की आणखी थोडा. पहिल्या दोन चौकटी कुठं लावायच्या? तुमच्या नेहमीच्या जागी बसा आणि कुणाला तरी बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवत न्यायला सांगा. ज्या जागी आरशात स्पीकर दिसतो, तिथूनच आवाज आपटून तुमच्या कानात येतो. चौकट तिथं. मग डोक्यामागची भिंत.

कापड मांजरपाट किंवा खादीचं घ्या. तोंडानं फुंकर मारली तर पलीकडे हवा लागली पाहिजे, तेवढं विरळ. रेक्झिन लावलंत तर सगळं मुसळ केरात, कारण आवाज आत शिरणारच नाही. कापूस दबतो, म्हणून आत दोन-तीन आडवे टाके घालून घ्या, नाही तर वर्षभरात सगळा खाली बसेल आणि वरचा अर्धा भाग नुसतं कापड राहील. पावसाळ्यात भिंतीला ओल येत असेल तर चौकटी काढून वाळवाव्या लागतात. उंदरांचं तुम्हाला ठाऊकच आहे. आणि कापूस पेट घेतो: स्विचबोर्ड, देवघरातली समई आणि रिसीव्हर यांच्यापासून चौकटी लांबच ठेवा.

एक प्रामाणिक कबुली इथं दिली पाहिजे. चौकटी फक्त भिंतीवरून परतणारा आवाज शोषतात. स्पीकरमधून थेट कानाकडे येणारा आवाज मुळातच टोचरा असेल, तर त्यावर कापसाचा इलाज नाही. त्यासाठी दोन मार्ग: स्पीकर फिरवणं आणि रिसीव्हरची बटणं.

फिरवणं सोपं आहे. ट्वीटरचा आवाज टॉर्चच्या झोतासारखा समोर जातो. स्पीकरचं तोंड थेट तुमच्या नाकाकडे असेल तर ते थोडं बाहेर वळवा, झोत कानाच्या बाजूनं जाऊ द्या. स्पीकर मागच्या भिंतीपासून फार पुढे असतील तर थोडे मागे सरकवा. भिंतीच्या आधारानं बेस वाढतो आणि त्याच्या तुलनेत ट्रेबल कमी वाटतो. पण कोपऱ्यात घालू नका, बेस डबडबेल. हे सगळं करायला एक दुपार जाते, खर्च शून्य.

घरच्याच रिसीव्हरची बटणं

ट्रेबलचं बटण कमी करणं हा कमीपणा आहे, अशी एक विचित्र समजूत हौशी लोकांत पसरली आहे. ते 'प्युअर डायरेक्ट' लावून ऐकतात, म्हणजे सगळी दुरुस्ती बंद, आणि मग आवाज टोचतो म्हणून हजारो रुपयांच्या वायरी बदलतात. ज्या फरकासाठी लोक नवा रिसीव्हर घेतात, तो ट्रेबल दोन डेसिबल कमी केल्यानं त्याच मिनिटाला मिळू शकतो. डेनॉनच्या बहुतेक रिसीव्हरमध्ये बेस आणि ट्रेबल दोन्ही सहा डेसिबलपर्यंत वर-खाली करता येतात. मात्र तिथं एक खोच आहे. 'डायनॅमिक ईक्यू' चालू असेल तर टोनची ही सेटिंग बदलताच येत नाही. कित्येक लोक ती बंद पडलेली पाहून रिसीव्हरच बिघडलाय असं समजतात.

डायनॅमिक ईक्यूचं कामही समजून घेण्यासारखं आहे. आवाज कमी ठेवला की आपल्या कानाला बेस फार कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच ते मोजून दाखवलं होतं. रात्री अकराला शेजाऱ्यांचा विचार करून तुम्ही हळू आवाजात गाणं लावता, बेस गळतो, आणि उरलेला आवाज पातळ आणि टोचरा वाटतो. जुन्या रिसीव्हरवरचं 'लाउडनेस' बटण यासाठीच असायचं. सत्तरच्या दशकातल्या रिसीव्हरच्या गोडव्याची जी ख्याती आहे, तिच्यात या दाबून ठेवलेल्या बटणाचा वाटा नक्की असणार. डायनॅमिक ईक्यू हेच काम आवाजाच्या पातळीप्रमाणे आपोआप करतं.

त्यानंतर येतं खोलीचं मोजमाप. रिसीव्हरसोबत एक छोटा माइक मिळतो. तो ट्रायपॉडवर, बसल्यावर कान येतात त्या उंचीला ठेवून रिसीव्हर स्पीकरमधून 'फुईईक' असे आवाज काढतो आणि खोलीचा हिशेब करतो. माइक सोफ्याच्या पाठीवर ठेवू नका, आणि मोजताना कूलर, पंखा बंद. उन्हाळ्यात तेवढी वीस मिनिटं घाम गाळावा लागतो.

मोजमाप झाल्यावर बहुतेक रिसीव्हर दोन-तीन पर्याय देतात आणि फरक पडतो तो इथं. ऑडिसीमध्ये 'फ्लॅट' आणि 'रेफरन्स' असे दोन. फ्लॅट हे नाव ऐकायला शुद्ध वाटतं, पण रेफरन्समध्ये वरचा ट्रेबल मुद्दाम किंचित उतरवलेला असतो आणि टोचणाऱ्या स्पीकरला तोच शोभतो. यामाहाच्या यंत्रणेत 'फ्लॅट'सोबत 'नॅचरल' असतो. ट्रेबल जास्त वाटत असेल त्यांच्यासाठीच तो दिलेला आहे. म्हणजे ज्या कंपनीला लोक ब्राइट म्हणतात, तिनंच वॉर्मचं बटण आत ठेवलंय.

बसण्याच्या जागी सगळा पट्टा सपाट का नको? कॅनडातल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत आणि पुढे हार्मन कंपनीत फ्लॉइड टूल यांनी वर्षानुवर्षं लोकांना पडद्याआडून स्पीकर ऐकवून अभ्यास केला. चांगला स्पीकर समोरून मोजला तर सपाट असतो, पण खोलीत तो जेव्हा आपल्यापर्यंत पोचतो तेव्हा बेसकडून ट्रेबलकडे हळूहळू उतरत जातो, आणि कानाला तेच नैसर्गिक वाटतं. तो उतार यंत्रानं दुरुस्त करून सपाट केला की आवाज टोचायला लागतो.

तरीही रिसीव्हर घ्यायचाच आहे?

जुना बंद पडलाय किंवा पहिल्यांदाच घेताय, तर घ्यायलाच हवा. पण मग वॉर्म की ब्राइट हे विचारू नका. मोजमाप झाल्यावर आवाजाचा उतार स्वतःच्या हातानं बदलता येतो का, हे विचारा. डेनॉन आणि मरांट्झच्या बऱ्याच मॉडेलसाठी ऑडिसीचं पैसे भरून घ्यायचं मोबाइल अॅप आहे, त्यात बोटानं रेघ ओढून ट्रेबल खाली आणता येतो. काही कंपन्यांच्या वरच्या मॉडेलमध्ये डिराक ही यंत्रणा येते, तिच्यातही हे जमतं. ही एक सोय असेल तर तोच रिसीव्हर आज वॉर्म, उद्या ब्राइट. फक्त गाणीच ऐकणार असाल, सिनेमा नाही, तर सात चॅनेलचा रिसीव्हर कशाला? बेस-ट्रेबलची बटणं असलेला दोन चॅनेलचा अँप्लिफायर त्याच पैशात जास्त दमाचा मिळतो. यामाहाच्या काही अँप्लिफायरवर तर लाउडनेसची फिरती चकतीच असते, ती हळू आवाजात ऐकणाऱ्यांना फार उपयोगी.

ताकदीचे आकडे नीट वाचा. खोक्यावर मोठ्या अक्षरात असतो तो आकडा बहुधा एकच चॅनेल वाजवून, ६ ओहमवर, एकाच सुरावर मोजलेला असतो. तुम्हाला हवा तो आकडा बारीक अक्षरात असतो: ८ ओहम, २० ते २० हजार हर्ट्झ, दोन चॅनेल एकत्र. मग स्पीकरची संवेदनशीलता बघा. ९७ डेसिबलचा भोंगेवाला स्पीकर आणि ८७ डेसिबलचा साधा स्पीकर यांत दहा डेसिबलचं अंतर, म्हणजे तितक्याच आवाजासाठी दुसऱ्याला दहापट वॅट लागतात. ब्राइट म्हणून बदनाम असलेले भोंगेवाले स्पीकर थोड्या ताकदीतही मोकळे वाजतात, त्यांच्यासाठी वॅटच्या मागे पळायची गरज नाही. ८६-८७ डेसिबलचे, ४ ओहमचे स्पीकर असतील तर मात्र दमदार अँप्लिफायर घ्या, नाही तर वर सांगितलेलं ओरडणं सुरू होईल.

दोन गोष्टी खास आपल्याकडच्या. यवतमाळचा मे महिना ४४-४५ अंशांचा असतो आणि बऱ्याच रिसीव्हरच्या माहितीपुस्तिकेत ३५ ते ४० अंशांपर्यंतच चालवा असं लिहिलेलं असतं. बंद कपाटात तो ठेवू नका, वर निदान एक वीतभर जागा मोकळी सोडा आणि त्याच्यावर सेट टॉप बॉक्स रचू नका. दुसरं विजेचं. व्होल्टेज वरखाली होत असेल तर चांगला स्टॅबिलायझर लागेल. नातेवाइकाकडून अमेरिकेतून आणलेला रिसीव्हर स्वस्त पडतो खरा, पण तो १२० व्होल्टवर चालणारा असतो. आपल्या २३० व्होल्टला थेट जोडला की तो वॉर्म होतो, पण वेगळ्या अर्थानं. वॉरंटी इथं चालते का आणि नागपुरात सर्व्हिस सेंटर आहे का, हे बिल करण्याआधी विचारा.

नागपूरला जाऊन ऐकणार असाल तर दुकानातली खोली आधी बघा. खाली गालिचा, भिंतींना कापड, जाड सोफे. तिथं कुठलाही स्पीकर मऊ वाजतो. दोन रिसीव्हरची तुलना करताना दोन्हींचा आवाज मोबाइलच्या डेसिबल मीटरवर सारखा करून घ्या, कारण एखाद डेसिबल मोठा असलेला नेहमी चांगलाच वाटतो आणि विक्रेत्यालाही ते माहीत असतं. गाणी स्वतःची न्या, रोजच्या ऐकण्यातली. दुकानातली डेमोची गाणी त्यांच्या स्पीकरला शोभतील अशी निवडलेली असतात.

माझी सुचवणी विचाराल तर राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या परंपरेतलं एखादं खंजिरी भजन सोबत ठेवा, स्वच्छ रेकॉर्डिंग असलेलं. खंजिरीच्या चकत्यांची झणझण आणि गाणाऱ्याचा 'स', 'श' हे दोन्ही नेमके त्या टोचणाऱ्या पट्ट्यात येतात. ते भजन दहा मिनिटं, नेहमीच्या आवाजात, घरी आणि दुकानात दोन्हीकडे ऐका. दुकानात खंजिरी किणकिणली आणि घरी टोचली, तर बिल करू नका. परत येताना गादीवाल्याकडे थांबा. दोन्हीकडे टोचली, तर आधी ट्रेबल दोन डेसिबल खाली घ्या, आठवडाभर तसंच राहू द्या, आणि मग पुन्हा ऐका.